डोळे नसलेलं चित्र

एका राज्यात, जिथं भिंतीवरचा रंगवलेला मोर बघून खरे साप बिळात शिरत, तिथं वारुणी नावाची चितारीण राहत होती. तिनं काढलेल्या आंब्यावर माशा बसत आणि तिनं काढलेल्या दारावर पाहुणे कपाळ आपटून घेत. त्या राज्याची रीत अशी, की चित्रात डोळे सगळ्यांत शेवटी उघडायचे. अंग झालं, वस्त्र झालं, दागिने झाले, की चितारीण स्नान करी, दिवा लावी आणि मगच दोन बुबुळं भरी. तोवर त्याला चित्र म्हणायचं नाही.

कर्कटक नावाच्या जादूगारानं एकदा तिच्याकडून आपलं चित्र काढून घेतलं. चित्रात नाकावरची चामखीळ होती, चामखिळीवरचा केसही होता.

"ही कशाला काढलीस?" जादूगारानं विचारलं.

"आहे म्हणून. नको असेल तर नाकाला सांगा."

जादूगारानं शाप दिला. "यापुढे तू ज्याचं हुबेहूब चित्र काढशील, त्याचा जीव चित्रात जाऊन बसेल."

वारुणीनं शाप हसण्यावारी नेला. मग तिनं राजा भद्रसेनाच्या मुलीचं, मृणालिनीचं चित्र काढायला घेतलं. पोर आईवेगळी, वारुणीच्याच मांडीवर वाढलेली. बुबुळं भरली, त्या क्षणी पोरीनं डोळे मिटले. चित्रातली राजकन्या इकडंतिकडं बघू लागली आणि खरी राजकन्या पलंगावर पडली ती पडलीच. ती रोज थोडी विरत चालली, पाणी फार झालेल्या रंगासारखी.

"तू घालवलंस, तूच आण," राजा म्हणाला आणि तोंड फिरवून बसला.

तेव्हा राजवाड्याच्या कौलावरची साळुंकी बोलली. "बाई, आधी वाऱ्याचं चित्र काढ, मग भुजंगाच्या हावेचं, मग या मुलीचं. तिघांची ओळख पटली पाहिजे आणि तिघांचंही रूप चित्रात दिसता कामा नये. मग शाप सुटेल."

"रूप नाही, तर ओळखायचं कशावरून?"

"तेवढं कळत असतं तर मी कौलावर बसले असते का?"

वारुणी कापड आणि रंग घेऊन निघाली. वारा एका उजाड माळावर राहत होता. तिनं वाकलेलं गवत काढलं, फडफडणारं धोतर काढलं.

"गवत सुरेख आहे," वारा म्हणाला. "मी कुठे आहे?"

वारुणी चिडली. रूपच नको ना, मग काहीही चालेल, असं म्हणून तिनं रंगाच्या सगळ्या वाट्या दुसऱ्या कापडावर उपड्या केल्या.

"हे तर सांडलंय," वारा म्हणाला.

नीट काढलं ते चालेना, सांडलं ते चालेना. वारुणीचं डोकं गरगरलं. ती उठली, तसा वाऱ्यानं तिला धक्का दिला. पडू नये म्हणून तिनं अंग रेटून धरलं, केस तोंडात गेले. तो रेटा तसाच हातात आला. तिनं निळीचा एकच फटकारा ओढला, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला चिंध्या झालेला. माळावरचं पान हलेनासं झालं.

"हा मी," वारा म्हणाला आणि त्यानं तिला उचलून भुजंगाच्या गुहेपाशी ठेवलं.

भुजंग शापित खजिन्यावर वेटोळं घालून बसला होता. वारुणीला वाटलं, जमलं आता आपल्याला. तिनं पिवळ्या रंगाचा तसाच फटकारा ओढला.

"हा पिवळा वारा झाला," भुजंग म्हणाला. "माझी हाव दाखव."

पुन्हा सगळं डोक्यावरून गेलं. शेवटी तिनं त्यालाच विचारलं, "एवढं सोनं खाली असताना तू बघतोस कुठं?"

भुजंगानं मान वळवली. तो गुहेच्या रिकाम्या कोपऱ्याकडं बघत होता. वारुणीनं अख्खं कापड काळं केलं आणि अगदी कडेला पिवळा कण ठेवला, कापडावरून घरंगळेल की काय असा. भुजंग सोनं सोडून त्या कणाकडं सरपटत आला. मग एकदम फणा वळवून म्हणाला, "मीच आहे. झाक ते." त्याचं वेटोळं सुटलं, तशी त्याखालची राजवाड्याकडं जाणारी वाट उघडली.

वारुणी परतली, तेव्हा मृणालिनीच्या अंगातून पलंगपोसावरची फुलं दिसत होती. वारुणी कापडापुढं बसली. पोरीची पापणी न् पापणी तिला पाठ, आणि तीच अडचण. हात आपोआप तिचं नाक काढायला वळायचा. म्हणून तिनं पलंगाकडं पाठ केली. मग ती पोर जिन्यावरून कशी धावत सुटते ते तिला आठवू लागलं. तांबडे डाग कोसळत खाली आले, मध्येच कापड कोरं राहिलं, त्याच्यापल्याड एकच डाग पडला.

वारुणीनं स्नान केलं, दिवा लावला, कुंचल्याला काजळी घेतली आणि ती उभी राहिली. डोळे कुठं उघडायचे?

"ठेव कुठंतरी दोन ठिपके," साळुंकी म्हणाली. "रीत तरी पाळ."

कुंचला कापडापर्यंत गेला. दोन ठिपके पडले असते, तर तांबड्याचे गाल झाले असते, कोऱ्या जागेचं तोंड झालं असतं. वारुणीनं कुंचला धुऊन टाकला. आपण काय केलं, ते तिचं तिलाच उमगलं नव्हतं. तिनं ते कापड पहिल्या चित्रासमोर धरलं.

चित्रातल्या राजकन्येनं ते वरपासून खालपर्यंत पाहिलं, ती गालात हसली आणि तिनं डोळे मिटले. पलंगावर डोळे उघडले.

"मावशी, जिन्यावर मला कुणी काढलं?"

"मी."

"एक पायरी विसरलीस."

"विसरते कशी? तिथं तू उगाच थांबतेस."

त्याच घटकेला कर्कटकाची जीभ लाकडाची झाली आणि त्याचं शाप देणं संपलं.

राजा दोन्ही चित्रांपुढं उभा राहिला. दुसरं त्यानं आडवं करून पाहिलं, उलटं करून पाहिलं. "मला यात काहीच दिसत नाही. यातलं खरं कोणतं?"

वारुणीच्या मनातला गुंता अजून सुटायचा होता, पण राजापुढं ती मान खाली घालणारी नव्हती. "महाराज, मुलगी हरवली तर पहिलं घेऊन दारोदार फिरा, लोक बोट दाखवतील. मुलगी समोर बसलेली असून कळेनाशी झाली, तर दुसऱ्यापुढं बसा."

"पण ते टांगायचं कुठल्या बाजूनं?"

"ते तिला विचारा."

दोन्ही चित्रं दरबारात लागली. मुलगी हसतखेळत हिंडू लागली, राज्याची घडी बसली. राजा मात्र रोज दुसऱ्यापुढं बसे आणि कपाळाला आठ्या घालून उठे. एका सकाळी तो त्या कोऱ्या जागेशी बराच वेळ अडकला.

"हिची आईही अशीच थांबायची," तो म्हणाला, आणि त्यानं मुलीला हाक मारली.

राजाचं कोडं जसं बसल्या बसल्या सुटलं, तसं तुमचंही सुटो. नाहीच सुटलं, तर अजून थोडं बसा.