साळ्यांची धर्मशाळा

माळसोंडे गावी श्रीकेवळनाथ महाराजांचा मुक्काम होता, त्या चैत्रातली ही हकिकत. गावाबाहेर ओढ्याकाठी महादेवाचे देऊळ होते, तिथे महाराज उतरले होते. अंगावर लंगोटी, खांद्यावर काळी घोंगडी. कोणी भाकरी दिली तर खावी, नाही दिली तर ओढ्याचे पाणी प्यावे.

या गावात ठकूबाई नावाची एक साळीण होती. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. भर पेठेत साळ्यांची जुनी धर्मशाळा होती, ती झाडून-सारवून ठेवणे आणि वाटसरूला पाणी देणे, एवढाच तिचा परमार्थ. ती धर्मशाळा एका दुष्काळात साळ्यांच्या पूर्वजांनी स्वतःच्या हातांनी उभारली होती. भिंती दगडी, छतही दगडी फरश्यांचे. चार-पाच पिढ्यांची लग्ने तिथे लागली. पण पुढे हातमाग बसले, साळी पोटामागे शहरात गेले आणि त्यांची दोन-तीन घरे तेवढी गावात उरली.

धर्मशाळेसमोरच जयवंतराव देशमुखांचे घर होते. दारापुढे ऐसपैस चौक असावा, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी धर्मशाळा पाडायचे ठरवले. गावकीत कोणी 'हूं' की 'चूं' केले नाही. एकटी ठकूबाई त्यांच्या ओसरीपाशी जाऊन उभी राहिली.

"मालक, वाडवडलांनी बांधलीय ती. पाडू नगा."

चार माणसांत बसलेले जयवंतराव मोठ्याने हसले. "साळी गेले, माग मोडले. आता धर्मशाळा कोणाची? तुझ्या केरसुणीची?"

सगळे हसले. ठकूबाई तशीच ओढ्याकाठी गेली आणि महाराजांपुढे बसून रडली. महाराजांनी ऐकून घेतले. मग घोंगडी झटकून खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "चल. आजपासून आम्ही तिथंच राहू."

महाराज धर्मशाळेत येऊन बसले. कोपऱ्यात लग्नकार्याचे मोठमोठे हंडे नि घंगाळी पालथी पडलेली होती. त्यांकडे बोट करून महाराज म्हणाले, "ठकूबाई, एवढी भांडी भरून ठेव."

"समदी, महाराज?"

"सगळी."

का, कशासाठी, हे तिने विचारले नाही. गुरूंचा शब्द म्हणजे शब्द! मागल्या विहिरीवरून ती पाणी ओढू लागली. पेठेतली माणसे थांबून विचारीत, "ठकू, कुणाचं लगीन काढलंस?" ती मान खाली घालून कळशी ओतायची. खांदे भरून आले, तळहात सोलले, पण शेवटचे घंगाळ काठोकाठ भरले तेव्हाच तिने पदराने घाम पुसला.

दुसऱ्या दिवशी जयवंतराव पहारी घेतलेली माणसे घेऊन आले. महाराजांना पाहून ते थोडे चपापले, पण आवाज चढवून म्हणाले, "महाराज, तुम्हाला दुसरीकडं मठ बांधून देतो. ही पडकी जागा सोडा."

"मठ कशाला रे?" महाराज म्हणाले. "इथं माणसं यायची आहेत, ती उतरतील कुठं?"

"कोण माणसं? हिचे साळी?" जयवंतराव गड्यांकडे वळले. "बैराग्याच्या नादी लागून कामं होत नाहीत. मागून सुरुवात करा रे!"

मागल्या भिंतीवर पहारी पडू लागल्या. एकेक घाव ठकूबाईच्या काळजात बसत होता. भिंतीला माणूस जाईल एवढे भगदाड पडले, आणि तेवढ्यात खालच्या आळीतून आरोळी आली, "आग! आग!"

भर दुपार, त्यात सुटलेला वारा. कोणाच्या तरी छपरावर ठिणगी पडली होती. घरे सगळी पाचटाने शाकारलेली. बघता बघता आळी पेटली आणि आग पेठेत शिरली. जयवंतराव घराकडे धावले, पण लाकडी कामाचे ते घर केव्हाच धडाडत होते. आत त्यांची लेक अनसूया होती, बाळंतपणाला माहेरी आलेली, कुशीत तान्हे मूल घेऊन. आत झेपावणाऱ्या जयवंतरावांना गड्यांनी कव घालून धरून ठेवले.

इकडे सारा गाव धर्मशाळेत लोटला. महाराज उंबऱ्यात उभे होते. ठकूबाई हंड्यातून घागरी भरून देई आणि महाराज ते पाणी येणाऱ्याच्या डोक्यावर, पेटत्या पदरावर, दारापुढच्या तापल्या जमिनीवर ओतत. विस्तव दारापर्यंत आला आणि तिथूनच मागे फिरला!

इतक्यात भगदाडातून कोणीतरी आत आले. ठकूबाईने वळून पाहिले. अनसूया! केस विस्कटलेले, पाय राखेने माखलेले, छातीशी घोंगडीत गुंडाळलेले बाळ.

"पोरी, तुला कुनी आणलं?"

"महाराजांनी," अनसूया धापा टाकत म्हणाली. "दार जळत होतं. ते आत आले, बाळाला घोंगडीत घेतलं आणि म्हणाले, 'माझ्या पाठीमागं ये.' आत्ता तर पुढं होते..."

ठकूबाई चक्रावली. महाराज एक पाऊलही हलले नव्हते! तिने स्वतः त्यांच्या हाती घागरी दिल्या होत्या. तिने उंबऱ्याकडे पाहिले. महाराजांचा खांदा उघडा होता. घोंगडी बाळाभोवती होती आणि तिची कड जळून गेली होती.

आग निवाल्यावर गड्यांनी जयवंतरावांना धरून आत आणले. डोळ्यांत प्राण नव्हता. "आबा!" अशी हाक कानी आली आणि त्यांनी मान वर केली. लेकीला पाहिले, नातवाला पाहिले. अनसूयेच्या तोंडून सारे ऐकले आणि धाडकन महाराजांच्या पायांवर पडले.

"महाराज, मी आंधळा झालो होतो!"

"माझ्या पायांवर नको," महाराज म्हणाले. "पाणी तिनं भरलं."

ठकूबाई ओल्या फडक्याने बाळाचे तोंड पुसत होती. जयवंतराव उठले, तिच्यापुढे आले आणि सगळ्या गावादेखत त्यांनी तिच्या पायांवर डोके ठेवले.

ती घाबरून मागे सरली. "आवो मालक, ह्ये काय? उठा, उठा!"

"मालक म्हणू नकोस, माय," म्हणत ते रडू लागले.

महाराजांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "रडणं पुरे, जयवंता. गाव उपाशी आहे. मळ्यातलं पेव उघड आणि धान्य आण."

जयवंतराव स्वतः पोती वाहून आणू लागले. त्या रात्री साऱ्या गावाची पंगत धर्मशाळेत बसली आणि देशमुखांनी आपल्या हाताने वाढले. दुसऱ्या दिवशी त्याच गड्यांनी भगदाड बुजवले. चुना मळायला जयवंतराव त्यांच्यासोबत होते.