उंदरांची खोली

“म्हणजे आपलाच पहारेकरी आपली भिंत बिघडवतो?”

दामोदरबुवांनी असं विचारलं आणि केतकीची कळी खुलली. तिचं संशोधन मठात इतक्या पटकन कुणाला कळेल, असं तिला वाटलं नव्हतं.

मग काय, तिनं सगळंच सांगून टाकलं. आपल्या पेशींवर जन्मापासून जंतू ओळखणारे रिसेप्टर असतात. रक्तवाहिनीच्या अस्तरात साचून बिघडलेली चरबीही त्यांना जंतूच वाटते. ते बोंब ठोकतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, चरबी खाऊन खाऊन तिथंच मरतात, आणि त्या ढिगानं वाहिनी कडक होते. तिच्या वडिलांचं, अण्णांचं, हेच झालं होतं. दोनदा स्टेंट घातले, आता बायपासलाही डॉक्टर नाही म्हणत होते.

तिच्या प्रयोगशाळेत मात्र औषध तयार होतं. रिसेप्टरच बंद! औषध दिलेल्या उंदरांच्या वाहिन्या अगदी स्वच्छ राहिल्या होत्या. माणसांवर चाचणी व्हायला अजून चार वर्षं होती. तेवढी अण्णांकडे नव्हती. आणि अण्णा म्हणजे बुवांचे चाळीस वर्षांपासूनचे शिष्य. बुवा म्हणाले तरच घेईन, असं म्हणून अडून बसले होते.

“तुम्ही फक्त ‘घे’ म्हणा त्यांना. बाकीचं मला कळतं.”



बुवांनी भलतंच विचारलं. हे उंदीर तुम्ही सांभाळता कसे?

केतकीनं तेही हौसेनं सांगितलं. दोन दारांची खोली, गाळलेली हवा, निर्जंतुक पाणी. आत जाताना चपला बाहेर, अंगात झगा, हातात मोजे, तोंडाला मास्क.

“मास्क कशाला?”

“आपल्या श्वासातला साधा जंतूही औषध दिलेल्या उंदरांना पुरतो. मागे एकजण नुसता शिंकला, तर अख्खा पिंजरा गेला.”

बुवांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, नाकातोंडावरून घेतलं आणि मागे घट्ट गाठ मारली.

केतकीला रागच आला. इथं बापाचा जीव टांगणीला लागलाय आणि यांना थट्टा सुचतेय! तिनं ते बोलूनही दाखवलं.

“थट्टा नाही, पोरी. सवय करतोय...” उपरण्याआडून बुवा म्हणाले. “उद्या औषध घेतलेल्या अण्णाला भेटायला यायचंय. मिठी मारल्याशिवाय सोडत नाही तो मला.”