सरकलेली भिंत

रविवार, सकाळचे आठ. फार पूर्वी एका खाडीकाठच्या गावात, चर्चच्या पडवीत बाकावर एक लहानशी पेटी ठेवली होती आणि तिच्याशेजारी उभे राहून दोन विद्वान वाद घालत होते. पेटीत एका कोळणीचं बाळ होतं. ते आदल्या दिवशी गेलं होतं आणि त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता.

का नव्हता झाला? त्या गावात पहिल्या मुलाचा धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्याला त्याची हमी घेणारा, मामाच व्हायचा, आणि मामा होडी घेऊन समुद्रात गेला होता. त्याला वगळून बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं असतं तर तो जन्मभर रुसला असता. म्हणून घरचे थांबले. वारा पडला, होडी अडकली, बाळाला ताप भरला आणि मामाच्या आधी मरण येऊन पोचलं.

गावाचा नियम असा, की बाप्तिस्मा न झालेल्या मुलाला दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरायचं. घंटा नाही, मेणबत्ती नाही. कोळणीची आई भिंतीच्या आत निजलेली होती. कोळणीचं मागणं एकच होतं: बाळाला माझ्या आईच्या कुशीला ठेवा. पुढे कधीतरी तिलाही तिथेच यायचं होतं.

गावचे वृद्ध फादर म्हणत होते, पाण्याशिवाय जन्मासोबत आलेलं आदिपाप धुतलं जात नाही. शहरातून आलेले धर्मपंडित म्हणत होते, जिवाचं तारण श्रद्धेनं होतं, पाणी ही नुसती खूण, आणि तान्ह्या जिवाजवळ श्रद्धा असणार कुठून? दोघं एकमेकांचं म्हणणं खोडत राहिले. बाळ बाहेरच पुरायचं, यावर मात्र त्यांचं एकमत होतं. पायरीवर बसलेली एक म्हातारी म्हणाली, "एवढ्या वेळात आमचा अख्खा बाजार उठतो, बाबांनो."

फादर काही दुष्ट नव्हते. त्यांनी कोळणीला बाजूला घेतलं. जीव जात असताना कोणीही, अगदी आईनंही, पाणी घालून बाप्तिस्मा दिला तरी तो चालतो, हे तिला सांगितलं. हे तिला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. मग त्यांनी आवाज उतरवला. "शेवटच्या घटकेला तू त्याच्या कपाळावर पाणी घातलं होतंस ना, पोरी? नुसतं हो म्हण. मला तेवढं पुरे."

पंडितांनीही मान डोलावली. आईची श्रद्धा बाळासाठी धरता येईल, म्हणाले.

कोळणीनं पेटीकडे पाहिलं. एका शब्दाचं काम होतं.

"नाही घातलं, फादर. ओठ ओले केले होते, तहान लागली असेल म्हणून. कपाळाचं काम तुमचं, असं समजत होते."

"मग घातलंसच की. ओठ काय नि कपाळ काय."

"नाही. तुम्ही माझं खोटं आत पुराल, माझं बाळ नाही." तिनं पेटीवर हात ठेवला. "कृपा न मागता मिळते, हे तुम्हीच शिकवलंत. त्यानं तर काहीच मागितलं नव्हतं. मग त्याला ती मिळाली नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कृपेवर कोणाचा हक्क नसतो, पोरी."

"हक्क नाही सांगत. विचारते आहे."

बाळाला बाहेर पुरलं. दोघे विद्वान खोटं आत घ्यायला तयार होते, बाळाला घ्यायला नव्हते.

त्यानंतर बाजार आटोपला की कोळीण रोज भिंतीपाशी जाऊन बसे. एक हात दगडांवर, एक हात मातीवर. पलीकडे आई, अलीकडे बाळ. त्याला हाक मारायची तर काय म्हणून, तेही तिला ठाऊक नव्हतं. नाव बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवायचं होतं. मृतांच्या सणाला आत मेणबत्त्या लागत. भिंतीवरून येणारा उजेड बाळाच्या मातीपर्यंत पोचतो का, हे ती वाकून पाही. पोचत नसे.

वर्षं गेली. ते फादर गेले, पंडितही गेले. गाव वाढलं आणि दफनभूमीत जागा पुरेना. नव्या फादरनी जुनी भिंत पाडून ती चिंचेच्या झाडापलीकडे बांधली. बाळ आपसूक आत आलं. म्हातारी झालेल्या कोळणीकडे लोक आनंदानं धावले. आता तर झालं ना मनासारखं, म्हणाले.

ती काठी टेकत नव्या फादरकडे गेली. "तेव्हा तो बाहेर होता, आता आत आहे. मधल्या काळात त्यानं असं काय केलं?"

फादर म्हणाले, जागेची अडचण होती.

"तुमची अडचण कळली. मी त्याचं विचारते."

तात्पर्य विचाराल तर एवढंच: जी भिंत माणसाच्या सोयीनं सरकते, ती देवानं घातली असं कोणा आईला सांगू नये. त्या कोळणीच्या प्रश्नाला मात्र त्या चर्चमधून अजून कोणीही उत्तर दिलेलं नाही.