आकडा सत्तावन्न

शके सतराशे चौतीस, फाल्गुन शुद्ध पंचमी. थंडी संपली होती, ऊन चढू लागले होते. त्या दिवशी वडवळी संस्थानच्या कचेरीतून ठमा साळणीचा, उपचाराचे पैसे मागणारा कागद सातव्यांदा परत आला.

काम खोटे नव्हते. दरबारचा नगारा वाजवणाऱ्या सिदोजीची सात वर्षांची आवडी जन्मापासून बोलत नव्हती. हवे ते मिळाले नाही की भिंतीवर डोके आपटायची. राजवैद्यांनी तीन काढे पाजले. पोरीने तिन्ही त्यांच्याच अंगरख्यावर परत केले. मग ठमा दहा महिने रोज चार घटका तिच्यासमोर बसली. एकच शब्द शंभर वेळा, मग दुसरा. पोर बोलू लागली. तोवर ठमाचा माग बंद पडला होता. तो सावकाराकडे ठेवून तिने पोटासाठी साठ रुपये उचलले होते. पौर्णिमेला पैसे दिले नाहीत तर माग जाणार होता.

चाकरांच्या लेकरांचा उपचार सरकारी खर्चाने, असा हैबतराव राजांचा हुकूम होता. हुकूम चांगला. पण पैसे फडणीस त्र्यंबकपंतांच्या हातून सुटायचे, आणि पंतांनी उपचारांची वही केली होती. दोनशे बारा उपचार, प्रत्येकाला आकडा. ओला लेप, आकडा नऊ. तोच वाळला की दहा. सोलून काढला की अकरा. आकडा नसेल तर रोगी बरा होऊन नाचू लागला तरी तो बरा झालेला नाही!

ठमा थेट दरबारात गेली.

“सरकार, पोर बोलते, पण पंतांना ऐकू येत नाही!”

“औषध कुठलं दिलं?” पंतांनी विचारले.

“काही नाही.”

“लेप?”

“नाही.”

“मग केलंस काय?”

“बसले.”

“ऐका सरकार! बसल्याचे पैसे मागते!”

“पंत, तुम्ही उभ्याने पगार घेता का?”

दरबार हसला. राजे हसले नाहीत. ते हट्टी होते, आणि वहीवर त्यांचाच शिक्का होता.

“या वहीत एक अक्षर वाढणार नाही, की कमी होणार नाही,” ते म्हणाले. “हिच्यातूनच तुझा आकडा काढून दाखव. दिवस मावळेपर्यंत. नाही निघाला तर पुन्हा कागद आणायचा नाही.”

“मला वाचता येत नाही, सरकार.”

“तो माझा दोष नाही!”

“मग पंतांनी वाचून दाखवावं.”

पंतांचा चेहरा फुलला. ती वही वाचून दाखवा असे आजवर त्यांना कोणी म्हटले नव्हते. त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली. विसाव्या आकड्याला भालदार पेंगला. चाळिसाव्याला राजांनी जांभई दिली. ठमा मात्र कान देऊन ऐकत होती. दहा महिने एकेका शब्दाची वाट पाहिलेली बाई ती, तिला कसला कंटाळा!

“आकडा सत्तावन्न,” पंत वाचत होते, “अडलेले मोकळे करणे. वैद्यास समोर बसावे लागते, सबब दर घटकेस एक आणा. काय निघाले ते फडणिसाने समक्ष पाहून लिहावे.”

“थांबा! हाच माझा!”

“अगं बये,” पंत ओरडले, “हा जुलाबाचा आकडा आहे!”

“जुलाब असं लिहिलंय?”

“दरबारच्या वहीत असला शब्द लिहायचा? मी सभ्यपणे लिहिलंय.”

“मग सभ्यपणेच वाचा. गाडं अडतं, दार अडतं, बोलणारा माणूस अडतो. आवडीचं बोलणं सात वर्षं अडलं होतं. मी समोर बसून मोकळं केलं. कुठलं अक्षर चुकलं?”

पंत राजांकडे वळले. “सरकार, एकच शब्द वाढवू द्या. ‘पोट’!”

“शिक्का मारलाय, पंत. एक अक्षर नाही!” राजे म्हणाले. त्यांना आता मजा येऊ लागली होती.

पण पंतांकडे अजून एक कलम उरले होते.

“ठीक! काय निघाले ते मी समक्ष पाहणार! इथं! आत्ता!”

सिदोजी आवडीला कडेवर घेऊन आला. एवढी माणसे पाहून पोरीने कान झाकले. ठमा तिच्यापुढे जमिनीवर बसली. पाण्याचा तांब्या तिने हातात धरला आणि गप्प राहिली.

पोरीने एक हात तांब्याकडे केला. ठमा हलली नाही.

पोरीने ओठ दाबले. हुंकार काढला. ठमा तशीच.

“बघा, काही निघत नाही!” पंत म्हणाले.

“गप्प बसा!” राजे खेकसले. ते पुढे वाकून पाहत होते. सिदोजीने डोळे मिटले होते.

आवडीने कानावरचा दुसरा हातही काढला. ठमाच्या तोंडाकडे पाहिले.

“पाणी,” ती म्हणाली. मग मोठ्याने, “पाणी दे!”

ठमाने त्याच क्षणी तांब्या तिच्या ओठाला लावला. सिदोजी भरल्या डोळ्यांनी पोरीकडे पाहत राहिला. ठमाने मान वळवली.

“पाहिलंत ना समक्ष? लिहा, पंत. आकडा सत्तावन्न. काय निघाले? पाणी!”

पंतांना लिहावे लागले. राजांनी वही ओढून घेतली आणि वाचली. ‘अडलेले मोकळे केले. निघाले: पाणी. फडणिसाने समक्ष पाहिले.’

राजे असे हसले की लोड घसरला!

“पंत, यात खोट काढून दाखवा! पोटाची म्हणा, बोलण्याची म्हणा, नोंद अगदी चोख!”

बाराशे घटकांचे पंचाहत्तर रुपये ठमाला तिथेच मोजून मिळाले. वर राजांनी हातातले सोन्याचे कडे काढून दिले. नोंदीखाली सही पंतांनीच केली.

त्याच संध्याकाळी ठमाने सावकाराचे साठ रुपये फेडले आणि माग सोडवून आणला.