सॉरी कधी म्हणायचं

"पोरगा सांगू तेवढंच करतो, हे मुलीकडच्यांच्या कानावर घातलं होतं ना, वहिनी?"

"घातलं असतं तर मुलगी मिळाली असती का? आता आलीये. कळेल सावकाश. तशी गरीब आहे, बोलायची नाही."

हे बोलणं आत्याबाईंचं आणि सासूबाईंचं. माझ्यासाठी नव्हतं. मी पडद्याच्या अलीकडे बसून नव्या साड्यांच्या घड्या घालत होते. हातापायांची हळदसुद्धा उतरली नव्हती. हातातली घडी मी नीट पुरी केली.

तर एका गावात एक भोळा नवरा होता. गावाचं नाव बोरवडी, नवऱ्याचं नाव चांगदेव. नवरा माझा, त्यामुळे इथून पुढे 'हे' म्हणते.

ह्यांच्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, मंडपाचं दुकान आहे. कनाती, गाद्या, खुर्च्या, मोठाली पातेली भाड्यानं देतात. गावात लग्न असो की दहावा, आमचं सामान जातंच. आणि सामानाबरोबर हे जातात.

ह्यांना धाकटी बहीण आहे, कुंदाताई. त्यांचं लग्न ठरायचं होतं आणि ठरत नव्हतं. मुलीत काही खोट नव्हती. घरात हे होते. मागच्या स्थळाचे पाहुणे चहा झाल्यावर म्हणाले, "बरं, निघतो आता." अशा वेळी 'बसा हो, एवढी काय घाई' म्हणायचं असतं. ह्यांनी बाहेरून सगळ्यांच्या चपला आणल्या आणि ज्याच्या त्याच्या हातात दिल्या. ते स्थळ चपला घालून गेलं, ते गेलंच.

मग निरंजनचं स्थळ आलं. कुंदाताईंना तो आवडला. त्या काही बोलल्या नाहीत, पण गडबडीत त्यांनी त्याला रिकामाच कप दिला, आणि त्यानंही तो शेवटपर्यंत प्यायला. हे मी पाहिलं. आता हे लग्न मोडलं तर कुंदाताई पुन्हा कुणासमोर चहा घेऊन जाणार नाहीत, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

निरंजनचे वडील खैरनार सर. निवृत्त मुख्याध्यापक. दर दोन वाक्यांमागे त्यांचं एक 'सॉरी' असायचं. दारातून वाकून आत येताना सॉरी, पाणी मागताना सॉरी, शिंक आली तरी सॉरी. बोरवडीत या शब्दावाचून आजवर कुणाचं अडलं नव्हतं. इथे पाय लागला तर हात लावून नमस्कार करतात. उशीर झाला तर एसटीला शिव्या देतात. कुणी वारलं तर नुसतं जाऊन बसतात. पण अण्णा भारावून गेले.

"काय माणूस आहे!" पाहुणे गेल्यावर ते म्हणाले. "नाहीतर आपण. चांगदेव, सुपारी फुटायच्या आत तुला सॉरी म्हणता आलं पाहिजे." आमच्याकडे सुपारी फुटली म्हणजे लग्न पक्कं.

"कधी म्हणायचं?" ह्यांनी विचारलं.

"कुणाला पाय लागला, की म्हणायचं."

ह्यांना पटलं. आणि ह्यांना पटलं, की ते काम होतंच.

दुसऱ्या दिवशी दुकानात माणसं आली, गेली. ह्यांचा पाय कुणालाच लागला नाही. दिवस मावळायला आला. घरी गेल्यावर अण्णा विचारणार. तेवढ्यात सरपंचबाई गाद्या बघायला खाली वाकल्या. ह्यांनी बेताबेतानं पाय लावला आणि म्हणाले, "सॉरी." सरपंचबाई गाद्यांवरच पडल्या, म्हणून फार लागलं नाही.

अण्णांनी कपाळाला हात लावला. "अरे, मुद्दाम पाय लावून सॉरी म्हणतात का?"

"मुद्दाम लावला नाही तर लागतच नाही, अण्णा. मी दिवसभर बघितलं."

"पायाचं सोड! समोरचं माणूस रडत असलं, की म्हणायचं. खांद्यावर हात ठेवायचा आणि हळूच म्हणायचं, सॉरी. शहरात तसंच करतात."

ह्यांना पटलं.

त्याच आठवड्यात उगल्यांच्या मुलीचं लग्न होतं. मंडप आमचा. पाठवणीच्या वेळी मुलगी रडायला लागली. ह्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "सॉरी." मुलीची आई रडत होती. "सॉरी." मावशी, काकू, आजी, सगळ्यांना ओळीनं सॉरी. मग हे नवरदेवापुढे जाऊन उभे राहिले आणि त्याच्या डोळ्यांत निरखून बघायला लागले.

"काय झालं?" नवरदेव म्हणाला.

"तुम्ही अजून रडला नाहीत. रडू आलं की सांगा. मी इथेच आहे."

नवरदेवाचे मामा पुढे आले. "सॉरी कशाबद्दल चाललंय? मुलीत काही आहे का? असेल तर आत्ताच सांगा!" गाडी सुरू झालेली होती, ती बंद झाली. मुलीत काही नाही हे पटवता पटवता अंधार पडला.

"मंगलकार्यात तो शब्द काढायचाच नाही!" अण्णा ओरडले. "ज्याच्या घरी माणूस वारलंय, तिथे जाऊन म्हण!"

"आणि नुसतं सॉरी कोरडं वाटतं रे," सासूबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, सगळा घोटाळा तिथेच आहे. "पुढे म्हणावं, पुन्हा असं होणार नाही. ऐकणाऱ्याला बरं वाटतं."

ह्यांना दोघांचंही पटलं. मी तिथेच भाजी निवडत होते. मला काही कुणी विचारलं नाही.

चार दिवसांनी वरच्या आळीतले धोंडूकाका वारले. हे सतरंज्या घेऊन गेले. सतरंज्या अंथरल्या आणि तुळसाकाकूंपुढे हात जोडून बसले.

"सॉरी, काकू. पुन्हा असं होणार नाही."

तुळसाकाकू रडायच्या थांबल्या. ह्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता कसं होईल रे बाबा? एकच होते."

त्यांच्या दोन्ही सुना तोंडात पदर कोंबून मागच्या दारी पळाल्या. त्या दिवशी अण्णा दुकानात गेलेच नाहीत. कुंदाताई मात्र माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, रविवारी सर येणार आहेत सुपारीला. दादा त्यांना काय म्हणेल?"

शनिवारी अण्णांनी ह्यांना समोर बसवलं. "हे बघ. तू सॉरी म्हणायचंच नाही. आयुष्यात नाही. उद्या सर म्हणतील. ते सॉरी म्हणाले, की तू एवढंच म्हणायचं, 'असू द्या, घर तुमचंच आहे.' त्याच्यापुढे एक अक्षर नाही. कळलं?"

"आणि ते सॉरी म्हणाले नाहीत तर?"

"तर गप्प बसायचं!"

ह्यांना पटलं.

रविवारी सर आले. दारातच म्हणाले, "सॉरी, जरा उशीरच झाला."

"असू द्या, घर तुमचंच आहे," हे म्हणाले.

अण्णांचा चेहरा उजळला. सरांच्या पत्नीच्या हातून चहा सांडला. "अगंबाई, सॉरी हं."

"असू द्या, घर तुमचंच आहे."

"किती लाघवी आहे मुलगा!" त्या म्हणाल्या. सासूबाईंनी आतल्या आत देवाला हात जोडले. सगळं असं छान चाललं होतं. मी सुपारीचं ताट घेऊन दाराशी उभी होते. तेवढ्यात सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि अण्णांना विचारलं, "सॉरी, स्पष्टच विचारतो. हे घर पुढे कुणाला द्यायचं ठरवलंय?"

"असू द्या," हे म्हणाले, "घर तुमचंच आहे."

सरांनी मान वर करून छत बघितलं. "मागच्या अंगाला एक खोली काढता येईल," ते म्हणाले.

"देवघर तेवढं इकडे आणू," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "तिथे उजेड नाही."

अण्णा घाईघाईनं पुढे सरकले. "अहो सर, तो आपला... म्हणजे त्याच्या बोलण्याचं तेवढं मनावर..."

"का? मुलगा भोळा आहे का?" सरांनी एकदम विचारलं.

भोळा आहे म्हणावं तर स्थळ जातं. नाही म्हणावं तर घर जातं. सासूबाई म्हणाल्या, "छे छे! भोळा कुठला! चांगला हुशार आहे!"

"मग झालं तर," सर म्हणाले.

निरंजनचे कान लाल झाले होते. "बाबा, आपण मुलीसाठी आलोय. घर आहे की आपल्याला. त्यांना सॉरी म्हणा आधी."

सर ओशाळले. माणूस तसा वाईट नव्हता. "खरंय रे. चुकलंच माझं," ते म्हणाले आणि त्यांनी तोंड उघडलं. ते काय म्हणणार हे आम्हा सगळ्यांना कळलं. अण्णा उठले. सासूबाई धावल्या. कुंदाताईंनी ह्यांच्या तोंडावर हात धरायला झेप घेतली. पण सर म्हणालेच, "सॉरी."

"असू द्या," हे म्हणाले, "घर तुमचंच आहे."

सरांनी आमच्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. "दोनदा देतायत," ते पत्नीला म्हणाले. "आता नको म्हणणं बरं दिसेल का?"

सुपारी त्याच दिवशी फुटली. कुंदाताई आता तालुक्याला निरंजनकडे असतात आणि आम्ही सगळे बोरवडीत आमच्याच घरात. पण त्याआधी मी ताट खाली ठेवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच सगळ्यांदेखत बोलले:

"सर, घर खुशाल घ्या. ह्यांनी दिलंय, ते परत मागायचे नाहीत. पण घराबरोबर हेही तुमच्याकडे येतात. रोज सकाळी ह्यांना काय करायचं ते सांगावं लागेल, आणि रोज संध्याकाळी हे ज्याच्याकडे ते करून आले, त्याच्या पाया पडायला जावं लागेल. तुम्ही शिकवणारे, तुम्हाला सवय असेल. तेवढं जमणार नसेल, तर घर इथेच राहू द्या आणि नुसत्या कुंदाताई न्या. त्याही सगळ्यांचं ऐकतात, पण आधी विचार करतात."