घोरलाचे नाव

गढवालात सिलोटी गावाच्या डोक्यावर एक काळा कडा आहे. त्याच्या अरुंद कपारींवर सकाळच्या उन्हात करड्या रंगाची, आखूड शिंगांची जनावरे चरताना दिसतात. धड बकरी नाहीत, धड हरणे नाहीत. तिथे त्यांना घोरल म्हणतात. महाराष्ट्रातल्या यात्रेकरूंनी या नावाचा अर्थ विचारला, की गावचे म्हातारे बचनसिंह नेगी हसून म्हणतात, "शब्द तुमचाच आहे," आणि पुढची हकिकत सांगू लागतात.

फार जुन्या काळी गोदाकाठची यमुनाक्का नवऱ्याबरोबर केदारनाथाला निघाली होती. सिलोटीजवळ दरड कोसळून वाट मोडली. पुढे जाता येईल का ते पाहायला तिचे यजमान, त्रिंबकभट, एकटेच कड्यावर चढले आणि मागोमाग धुके उतरले. संध्याकाळ झाली तरी ते परतले नाहीत. गावकऱ्यांनी खूप शोधले, हाका मारल्या. उत्तर आले नाही. बिसुली नावाच्या म्हातारीने यमुनाक्काला घरी नेले, कढत पेज पुढे ठेवली. पण तिने ती बाजूला सारली. जिवाला घोर लागलाय, एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणे. म्हातारीला भाषा कळत नव्हती, तरी ती मान हलवी.

दुसऱ्या दिवशी धुके विरळ झाले. कड्यावर एक जनावर उभे राहून शिंकल्यासारखे फुसफुसत होते. त्याला तेव्हा नावच नव्हते म्हणे. लोक 'कड्यावरचे' म्हणत. जोतू शिकाऱ्याने धनुष्याला बाण लावला. यमुनाक्काने त्याचा हात धरला.

"थांब बाबा. ते आपल्याला बुजलेलं नाही. खाली बघतंय. खाली कुणीतरी आहे."

शब्द जोतूला कळले नाहीत, पण तिचे बोट कुठे वळले आहे ते दिसले. माणसाची चाहूल लागली की ते जनावर असे फुसफुसते, हे त्याला ठाऊक होते. बाण ठेवून त्याने दोर उचलला. त्या जनावराच्या खालच्या कपारीत भटजी सापडले. पाय मोडला होता, हाका मारून घसा बसला होता, पण जीव शाबूत होता.

जोतूने त्यांना पाठुंगळी आणून अंगणात उतरवले, तेव्हा कुठे यमुनाक्काला रडू फुटले. कड्याकडे पाहून तिने हात जोडले.

"घोर सरला गं बाई, घोर सरला."

हुंदक्यात मधली अक्षरे गिळली गेली आणि 'घोरल' एवढेच ऐकू आले. लोकांना वाटले, बाई त्या जनावराचे नाव घेते आहे. पाय बरा होईपर्यंत ते जोडपे बिसुलीकडेच राहिले. हळूहळू भाषा जुळली, खरा अर्थ उलगडला आणि सारे गाव हसले. पण तोवर पोराटोरांच्या तोंडी 'घोरल' हा शब्द बसला होता, असे सांगतात.

आजही त्या कड्यावर कुणी शिकार करत नाही. आणि सिलोटीत कुणाचे माणूस वेळ टळून घरी आले, की बाया दारातच हात जोडून "घोरल" म्हणतात, मग त्याच्या पायांवर ओतायला गरम पाणी आणतात.