औषधांचा दहावा

एकदा एका वृद्ध डॉक्टरांनी औषधांचा दहावा घातला. हसू नका, ऐका तर खरं!

डॉक्टर एका आडगावच्या सरकारी दवाखान्यात होते. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्या हाताखाली एक शिष्य होता आणि औषधांच्या कपाटाची किल्ली त्याच्याच कमरेला असे. पोरगा गुणी, पण कपाट उघडताना त्याचा जीव वरखाली होई. त्याची आई दम्यानं गेली होती. लहानपणी तो तिच्यासोबत अशाच एका दवाखान्याच्या पायरीवर बसला होता आणि आतून उत्तर आलं होतं, "औषध संपलंय." आपलं कपाट कधी रितं होऊ द्यायचं नाही, हे व्रत त्यानं तेव्हापासून धरलं होतं.

म्हणून नव्या पेट्या आल्या की तो त्या मागे रचून ठेवी, कुणाला देत नसे. दम्यावर औषधाची वाफ देणारं यंत्र आलं, तेही वेष्टनासकट कपाटाच्या वरच्या फळीवर चढलं. "अडीअडचणीला असू द्यावं." अहो, अडचण तर रोज दारात बसलेली! टेकडीपलीकडची एक म्हातारी दर बाजाराला धापा टाकत येई. आबा चिठ्ठी लिहून देत, ती घेऊन ती औषधांच्या खिडकीशी शिष्याकडे जाई.

"लेकरा, आज तरी आलंय का रं औषध?"

"नाही मावशी, पुढच्या बाजाराला बघू."

आणि कपाट गच्च भरलेलं. काय म्हणावं या शहाणपणाला!

एके दिवशी आबांनी कपाट उघडायला लावलं. मागच्या पेट्यांची मुदत केव्हाच सरली होती. यंत्राची रबरी नळी पडल्यापडल्या तडकली होती. शिष्य मान खाली घालून उभा राहिला. आबा रागावले नाहीत. त्यांनी ती औषधं रीतसर नष्ट करायला पाठवली. मग दहाव्या दिवशी आंघोळ करून आले, परसातल्या दगडावर भाताचा पिंड ठेवला आणि हात जोडले.

"आबा, कोण गेलं?"

"तुझी औषधं. बघू, कावळा शिवतो का."

कावळा आला, कुंपणावर बसला, पण खाली उतरेना. उन्हं वर आली.

"आबा, औषधांची कसली हो वासना राहणार?"

आबा म्हणाले, "कुणाचा तरी श्वास मोकळा करावा, यासाठीच औषध जन्माला येतं. ती इच्छा घेऊन ते तुझ्या कपाटात मेलं. बाळ, तेव्हा तिथलं कपाट रितं होतं, आज तुझं भरलेलं आहे. पायरीवरच्या माणसाला फरक काय पडला? आधी आलेलं आधी दे. सरत आलं की वेळीच मागव. पडून राहणारं शेजारच्या दवाखान्याला धाड. औषध माणसासाठी जपायचं असतं, माणसापासून नव्हे."

शिष्य पुटपुटला, "मला वाटायचं, कपाट भरलेलं असलं, की आई..."

"ठाऊक आहे रे. पण ती आता येणार नाही. जी येते आहे, तिला दे."

शिष्य कावळ्यासाठी थांबला नाही. मुदतीतलं औषध घेऊन तो थेट टेकडी ओलांडून गेला. म्हातारी उंबऱ्यात भिंतीला टेकून बसली होती.

"आज तर बाजार नाही. तू कसा रं लेकरा?"

"औषध आलंय, मावशी." मग खालच्या आवाजात म्हणाला, "कधीचंच आलं होतं."

त्यानं स्वतःच्या हातानं तिला औषध दिलं आणि शेजारी बसून राहिला. हळूहळू तिची धाप उतरली. आईचा असा संथ श्वास ऐकायचा त्याचा राहूनच गेला होता.